मुंबई-गोवा क्रूझ: वडिलांना (वय ७८) न्यायचं आहे, कुठली फेरी आणि कुठली खोली घ्यावी?

उभादांडा_ते_नाशिक

नमस्कार मंडळी. बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे. साठच्या दशकात शिकायला मुंबईला आले ते आगबोटीने, भाऊच्या धक्क्यावर उतरले. पुढे रस्ते झाले, बोट बंद पडली आणि त्यांचा समुद्र सुटला तो सुटलाच. आता गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. गणपतीत सगळे जमलो होतो तेव्हा म्हणाले, "एकदा बोटीने गोव्यापर्यंत जाऊन येऊ."

मुंबईहून सुटणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या क्रूझ बघतोय. एक 'हाय सी' म्हणून स्वस्तातली आहे, गोव्याची महाग पडते. एजंट म्हणतो बोट तीच, जेवण तेच, मग जास्तीचे पैसे कशाला? आईला घाटातसुद्धा उलटी होते, तिला बोट लागेल का? आणि बाबा सारखं विचारताहेत, किनारा दिसतो का? कुणी गेलं असेल तर कृपया सांगा.

मीनल_ठाणे

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. शाकाहारी जेवणाची अजिबात काळजी नको, जैनसुद्धा मिळतं. तिकिटाचा जाहिरातीतला आकडा मात्र धरून बसू नका. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी धरून एकूण किती ते एजंटकडून लिहून घ्या.

बॅगा टर्मिनलवरच ताब्यात घेतात आणि खोलीवर यायला बरेच तास लागू शकतात. बाबांच्या गोळ्या, चष्मा, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. सासूबाईंची इन्सुलिन बॅगेत गेली असती तर आमचे हाल झाले असते. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, रांगा लांब असतात. आणि खोली पोहण्याच्या तलावाच्या किंवा नाचगाण्याच्या हॉलच्या खाली-वर नको. आम्हाला तशी मिळाली, रात्री दीडपर्यंत छत धडधडत होतं.

इंजिनरूम_डोंबिवली

मी जहाजावर इंजिनियर होतो, नोकरीची सगळी वर्षं पाण्यावर गेली. माझं मूळ गाव देवगडजवळ, त्यामुळे बाबांचा प्रश्न माझ्याही जिव्हाळ्याचा आहे.

एजंटचं ऐकू नका. बोट तीच असली तरी फेरी वेगळी. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवर, म्हणजे साधारण २२ किलोमीटरवर, देशाची सागरी हद्द संपते. 'हाय सी'वाली बोट त्याच्याही पलीकडे जाते, मोकळ्या पाण्यात रेंगाळते आणि परत येते. ज्याला जहाजावरच मजा करायची आहे त्याला ती पुरे. तुमच्या बाबांना कोकणचा किनारा बघायचाय. त्यांच्यासाठी गोव्याचीच घ्या, हवं तर खोली साधी घेऊन पैसे वाचवा.

आता गणित सांगतो. मुंबई ते मुरगाव (गोव्यातलं बंदर) साधारण सव्वादोनशे सागरी मैल. संध्याकाळी सहाला सुटली आणि तासाला पंधरा मैलांनी गेली तर पंधरा तास, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास मुरगाव. वेंगुर्ला त्याआधी जेमतेम दोन तासांवर. म्हणजे सातच्या आसपास तुम्ही वेंगुर्ल्याच्या समोरून जाल, आणि जानेवारीत तिकडे सूर्य उगवतो तोही सातच्या आसपासच. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला, सूर्यही डाव्याच हाताला. बाबांना साडेसहाला गरम चहा पाजून डाव्या कठड्याशी नेऊन उभं करा. मोठी जहाजं किनाऱ्यापासून बरीच लांबून जातात. वरच्या डेकवरून क्षितिज अकरा-एक मैलांवर असतं, त्यामुळे माडांची रेघ बहुतेक दिसणार नाही. पण हवा स्वच्छ असेल तर मागचा सह्याद्री दिसतो, डोंगराच्या रेषेवरून सूर्य वर येताना दिसतो. हे बाबांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्या वेळची आगबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत किनाऱ्याला धरून जायची आणि कित्येक बंदरांत पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, उतरावं लागायचं. तसं आता काही नाही.

सुटताना आधी उजवीकडे थांबा: गेटवे, ताज, कुलाबा आणि शेवटी प्राँग्जचा दीपस्तंभ. मग डावीकडे या. तोवर अंधार पडेल आणि खांदेरीचा दीप लुकलुकू लागेल. महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतलेला तो किल्ला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. प्रत्येक दीपाची लुकलुक वेगळी असते. किती सेकंदांनी आणि किती वेळा, त्यावरून खलाशी दीप ओळखतो. बाबांना घड्याळ लावून मोजू द्या, त्यांना आवडेल.

उभादांडा_ते_नाशिक

वाचून दाखवलं. बाबा लगेच म्हणाले, डाव्या बाजूची बाल्कनी घे! पण आईचं काय?

इंजिनरूम_डोंबिवली

बाल्कनीच्या खोल्या सहसा वरच्या मजल्यांवर असतात आणि वर हेलकावे जास्त जाणवतात. आईसाठी खालचा मजला आणि जहाजाचा मध्य हवा, तिथे बोट सगळ्यात कमी हलते. म्हणून खालच्या डेकवरची, मधली, डाव्या बाजूची, खिडकीवाली खोली मागा. उघडा डेक सगळ्यांना मोकळा असतोच, बाबा तिथे जातील.

डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो, पावसाळ्याच्या दोन्ही टोकांच्या तारखा टाळा. आईला रिकाम्या पोटी ठेवू नका. मळमळायला लागलं तर खोलीत पडून न राहता वर येऊन क्षितिजाकडे बघायला सांगा. उलटीची गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, पण तिने गुंगी येते. या वयात स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. जहाज सुटण्याच्या सुमारास लाईफजॅकेट आणि जमण्याच्या जागेचा सराव असतो, तो गुडघ्यांचं कारण सांगून चुकवू नका. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, त्यानंतर हा नियम कडक झाला. आणि आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. बाबांना ते नाव नक्की ठाऊक असेल. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, तेव्हा खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंतचे जिने बाबांच्या सोबतीने एकदा सावकाश चालून बघा. कोण त्यांचा हात धरणार तेही घरीच ठरवा.

शेवटचं: ही बोट बॅलार्ड पिअरवरून सुटते, भाऊच्या धक्क्यावरून नाही, सीएसएमटीला उतरून टॅक्सी करा. गोव्यात मुरगावला लागते, पणजी तिथून रस्त्याने तिसेक किलोमीटर. बाबांना पणजीचा जुना धक्का बघायचा असेल तर गाडी आधीच ठरवा आणि परत यायची वेळ चुकवू नका.

तारीख पक्की झाली की सुटण्याची आणि मुरगावला लागण्याची वेळ इथे टाका. वेंगुर्ल्यासमोर साधारण किती वाजता याल ते काढून देतो.