मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या मुलांची थेरपी मराठीतून कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एका खाजगी केंद्रात ऑटिझम असलेल्या लहान मुलांची बिहेविअर थेरपिस्ट आहे. मानसशास्त्रात एमए, मग एबीएचं ४० तासांचं प्रशिक्षण, आणि आता वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम. एबीए म्हणजे थोडक्यात: एखादं वागणं कशामुळे सुरू होतं आणि त्यानंतर मुलाला काय मिळतं याची नोंद ठेवायची आणि त्यावरून शिकवायचं. मूल किंचाळतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला काहीतरी हवं असतं किंवा काहीतरी टाळायचं असतं. तेच सांगायला त्याला शब्द, चित्र किंवा खूण मिळाली की किंचाळणं कमी होतं. कार आणि ड्युरँड यांनी १९८५ साली हे दाखवलं आणि माझं रोजचं काम त्यावरच उभं आहे.

अडचण भाषेची आहे. आमच्याकडे सगळं इंग्रजीतून चालतं. ‘सिट’, ‘गिव्ह’, ‘टच नोज’. मुलं येतात निफाड, ओझरहून, काही तर सटाण्याहून. घरी मराठी, नाहीतर अहिराणी. केंद्राचं म्हणणं असं की दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, पुढे शाळाही इंग्रजी माध्यमाची, म्हणून घरीसुद्धा इंग्रजीच बोला. आणि पालक ते अगदी मनापासून पाळतात.

एक साडेचार वर्षांचा मुलगा आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). त्याची आई एरवी भरभरून बोलणारी. त्याच्याशी मात्र ‘कम’, ‘ईट’, ‘नो’ एवढंच, कारण तिला तेवढंच येतं. आजीने तर बोलणंच सोडलंय. म्हणते, माझ्यामुळे पोराचं नुकसान नको. मला हे बघवत नाही. ज्याला संवादच अवघड जातो, त्याच्या भोवतीचा संवाद आपण आटवतो आहोत. बरं, केंद्रात तो ‘वॉटर’ म्हणून पाणी मागतो, घरी आजीसमोर तोंडातून शब्द निघत नाही. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या माणसापाशी वापरणं या मुलांना मुळातच कठीण असतं, त्यात आपण भाषेची भिंत घातली.

वरिष्ठांनी या एका मुलापुरतं मराठीत करून बघायला परवानगी दिली आहे. पण करायला बसले की अडतं.

मुलगे माझं ऐकून जसंच्या तसं म्हणतात: ‘मी येते’, ‘मी खाते’. थेरपिस्ट, आई, बालवाडीच्या ताई, सगळ्या बायकाच. सध्या मी ‘दे’, ‘नको’, ‘अजून’, ‘मला हवं’ यावर भागवते. पुढे वाक्यांवर कसं जायचं?

दुसरं, व्हीबी-मॅपमध्ये (मुलाची भाषा आणि संवादाची कौशल्यं तपासायचं साधन) उच्चारांची जी चाचणी आहे ती इंग्रजी ध्वनींवर बेतलेली. ख, घ, भ, ण, ळ यांचं काय करायचं? कोणी मराठीसाठी क्रम लावला आहे का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पालकांना आणि केंद्राला पटवायचं कसं? स्पीच थेरपिस्ट, पालक, स्वतः ऑटिस्टिक असलेले कोणी इथे असतील तर कृपया लिहा.

– रानजाई

पिंपळपान:
मी ठाण्यात स्पीच थेरपिस्ट आहे. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांची भाषा आणखी मागे पडते, हे अभ्यासांतून दिसलेलं नाही. हॅम्बली आणि फोंबोन यांचा २०१२चा कॅनडातला अभ्यास वरिष्ठांना दाखवा.

‘येते-येतो’साठी दोन माणसं लागतील. समोरचा विचारणार, ‘कोण येतंय?’ मुलाच्या मागे बसलेली व्यक्ती त्याच्या वतीने म्हणणार, ‘मी येतो’. मागे बसलेल्या तुम्ही असलात तरी ‘येतो’च म्हणायचं. बाबा किंवा मोठा भाऊ मिळाला तर उत्तमच. पेक्समध्ये (चित्र देऊन हवं ते मागायला शिकवायची पद्धत) पहिल्या टप्प्याला असाच दुसरा माणूस असतो, तिथे तो शब्द न बोलता हाताने मदत करतो एवढंच. उच्चारांत प, ब, म आधी घ्या. र, ळ उशिरा येतात, त्यासाठी अडून बसू नका. ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणाला तरी मागितलेलं लगेच द्या.

सातारकर_आई:
आम्हालाही एका ठिकाणी हेच सांगितलं होतं. घरात सगळे मुलाशी तुटक बोलायला लागले, तो आणखीनच एकटा पडला. पुढे मराठीवर परत आलो. अजूनही तो फार बोलत नाही, पण टॅबवरची बटणं त्याच्या बाबांच्या आवाजात मराठीत भरली आहेत आणि ती तो भावाशी भांडायलासुद्धा वापरतो. तुमच्या त्या आजींना प्लीज आजच सांगा की बोला, गाणी म्हणा.

कौलारू:
थोडं वेगळं मत. शाळा खरंच इंग्रजी असेल तर तिथली ‘लाइन अप’, ‘ओपन युअर बॅग’ ही वाक्यं त्याला तशीच शिकवावी लागतील, नाहीतर वर्गात तो हरवेल. घरचं मराठीत, वर्गातलं इंग्रजीत. केंद्राशी तत्त्वावर वाद नको. उद्दिष्टाच्या कागदावरच लिहा: ‘घरी आजीकडे पाणी मागेल’. ते इंग्रजीत पूर्ण होतच नाही हे नोंदींतून त्यांनाच दिसेल.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. आजींना फोन केला, ‘मग मी त्याला हाक मारू ना?’ असं विचारत होत्या. कौलारू, उद्दिष्ट तसंच लिहून उद्याच्या बैठकीत ठेवते. पिंपळपान, तो अभ्यास शोधते.

आता एक पुढचं. माझ्याकडच्या दोन घरांत अहिराणी बोलतात. मला ‘माले पानी दे’च्या पुढे काही येत नाही. मालेगाव, धुळे, सटाण्याकडचे कोणी आहात का? खाणं, पाणी, खेळ, नको म्हणणं, दुखणं, एवढ्यापुरते घरात लहान मुलांशी वापरतात ते शब्द हवे आहेत. इथेच लिहिलेत तरी चालेल.