घरच्या स्टुडिओला नवं सॉफ्टवेअर हवंच कशाला?

काळी_पाच
मे २०२४ मध्ये लॉजिक प्रो ११ हे ॲपलचं फक्त मॅकवर चालणारं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आलं, त्यात बेस आणि कीबोर्ड वाजवणारे आभासी साथीदार आले. तेव्हापासून आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना मॅक घ्यायचाय. माझं मत सांगतो: घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला याची गरज नाही. रीपर हे तसंच रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, आवडलं तर वैयक्तिक लायसन्स ६० डॉलर. पैसे घालायचेच तर खोलीत घाला. दादर-परळच्या वन रूम किचनमध्ये कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा, लावला की गाण्याआधी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्ड होतात. साधा, कमी संवेदनशील डायनॅमिक माइक तोंडाजवळ घ्या, भिंतींवर गोधड्या टांगा. लोकलची घरघर गोधडीला जुमानत नाही, पण खोलीचा खणखणाट नक्की कमी होतो.

चाळीतला_बेस
गोधड्यांनी अल्बम होत असते तर आमच्या आजीला ग्रॅमी मिळालं असतं.
मी रात्री अकरानंतरच बसू शकतो, तेही हेडफोन लावून. त्या वेळी ड्रमर कुठून आणू? चाल सुचली, आभासी ड्रमरला ठेका दिला, झोपायच्या आत ढाचा तयार. लॉजिकच्या स्टेम स्प्लिटरने, म्हणजे तयार गाण्यातली वाद्यं आणि गळा सुटे करणाऱ्या साधनाने, जुन्या गाण्यातला गळा बाजूला काढून रियाज करता येतो, तो फायदा वेगळाच.

लालबागची_ढोलकी
स्टेम स्प्लिटरचं कौतुक पुरे. आधी चारच खण होते: ड्रम्स, बेस, गळा आणि 'बाकीचं'. नंतर गिटार-पियानोला स्वतंत्र खण मिळाले. पेटी, बासरी, सतार अजून 'बाकीच्यात'च बसलेत!
आणि पोटाचं बोलू. पूर्वी डेमोलासुद्धा आम्हाला बोलावायचे. अंधेरीला जायचं, दोन तास वाजवायचं, निघताना पाकीट हातात. आता डेमोला लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारा तयार तुकडा, टाकतात आणि फायनलच्या वेळी 'बघू' म्हणतात. तो लूप क्लिकला, म्हणजे ठरावीक लयीच्या टिकटिकीला, बांधलेला असतो. लावणी रंगात आली की लय किंचित चढते, ती चढली नाही तर बाई नाचणार कशी?

अभंगवाला_ठाणे
क्लिकचं खापर सॉफ्टवेअरवर फोडू नका, तो बंद करता येतो. लॉजिकमध्ये २०१८ पासून स्मार्ट टेम्पो आहे: मोकळं वाजवा, ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेघा, तुमच्या मागे येतो. रीपरमध्येही टेम्पो मॅप, म्हणजे कुठे लय किती याचा आराखडा, हाताने बसवता येतो, फक्त चिकाटी लागते.
मला भीती पिच करेक्शनची, म्हणजे सूर दुरुस्त करणाऱ्या साधनाची, वाटते. ऑटोवर टाकून सोडलं की ते जवळच्या स्वराला खेचतं. मींड दोन स्वरांच्या मधल्या जागेतच असते, तीच जागा हे साधन चूक समजून पुसतं. मेलोडाइनसारख्या सूर दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर हाताने दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी कान आधी तयार हवा. नवशिक्यांनी ते बटणच लपवून ठेवावं.

नवशिका_विरार
मध्येच विचारतो. गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज जरा उशिराने येतो. लॅपटॉप बदलू का?

काळी_पाच
अजिबात नको. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे जितके तुकडे (सॅम्पल) गोळा करून पुढे पाठवतो ते माप, १०२४ वर असेल. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलला, १०२४ सॅम्पल म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर, तोही फक्त एका बाजूचा: आवाज आत येताना वेगळा, बाहेर जाताना वेगळा. १२८ वर आणा, ३ च्या आसपास येईल. मिक्स करताना पुन्हा वाढवा. विंडोज असेल तर इंटरफेसच्या, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीच्या, कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका, तो हा उशीर कमी ठेवतो. बघा, दुकानदार याच दुखण्यावर नवं मशीन विकतो.

चाळीतला_बेस
@लालबागची_ढोलकी माझ्याकडे पाकीटच नाही, तीच तर गोष्ट आहे. गाणं यूट्यूबवर जातं, त्यातून चहाही सुटत नाही. लूप नसता तर मी तुम्हाला बोलावलं असतं असं नाही, गाणंच झालं नसतं.

लालबागची_ढोलकी
चालेल. मग व्हिडिओखाली 'ढोलकी: लूप' असं स्पष्ट लिहा. गायकाचं, गीतकाराचं नाव टाकताच ना?