लेकरू आवाज काढतंय, मग ऐकू येतंय असं धरायचं का?

वसमतची मावशी
बहिणीचं लेकरू नऊ महिन्यांचं आहे. कुकरच्या शिट्टीला दचकत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही. पण आजीनं ताट वाजवलं की बघतं, आणि लहान असताना छान हुंकारायचं. घरातले म्हणायलेत, "त्याचा मामाबी तीन वर्षाला बोलला, थांबा." मला थांबवंना. ऐकू येत नसतं तर आवाज काढला असता का त्यानं?

कर्णबधिर शाळेतली बाई, नांदेड
काढला असता, ताई. जन्मापासून ऐकू न येणारी लेकरंही आधी हुंकारतात, खिदळतात. फरक पुढं पडतो. ऐकणारं लेकरू साधारण दहा महिन्यांच्या आत "बाबाबा, दादादा" सुरू करतं. बहिऱ्या लेकरांत ते उशिरा येतं, हे ओलर आणि आयलर्स या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं.

ताटाचं म्हणाल तर आजीचा हात हललेला दिसतो त्याला. त्यावर जाऊ नका. ओएई आणि बेरा या ऐकू येतं का ते बघायच्या दोन तपासण्या करून घ्या. बेरात झोपलेल्या लेकराच्या डोक्याला तारा चिकटवतात, दुखत नाही.

मामाचं सोडा. आमच्याकडं पाच-सहा वर्षांची लेकरं पहिल्यांदा येतात. भूक लागली हे सांगतात, पण काल काय झालं ते सांगता येत नाही. माझा जीव तुटतो. अमेरिकेत कोलोरॅडोत योशिनागा-इटानो या संशोधक बाईंनी १५० लेकरांचा अभ्यास १९९८ मध्ये छापला: बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळलं त्यांची भाषा पुढं होती, घर गरीब असो की श्रीमंत. तुमचं नऊ महिन्यांचं आहे, अजून खूप करता येतं. फक्त आता थांबू नका.

लातूरचा बाप
बाई, खुणा केल्या तर लेकरू बोलतच नाही म्हणतात. खरं का?

कर्णबधिर शाळेतली बाई, नांदेड
नाही. त्याच कोलोरॅडोच्या अभ्यासात खुणा वापरणारी घरंही होती, आणि लवकर कळल्याचा फायदा त्यांनाही झाला. खुणांची भाषा असलेल्या घरातली बहिरी बाळं तर हातांनी बडबडतात. पेटिटो आणि मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये ते नोंदवलंय. कानाचं मशीन बसवा, तोंडासमोर बसून बोला, खुणाही करा. लेकराला भाषा मिळाली पाहिजे, मग ती कुठूनही येऊ द्या.

वसमतची मावशी
सोमवारी हिंगोलीला जिल्हा रुग्णालयात विचारायला जातो आम्ही. आजीला सोबत घेऊ का, झोपवायला?

कर्णबधिर शाळेतली बाई, नांदेड
घ्या की. आणि बेराची तारीख मिळाली की त्या दिवशी लेकराला पहाटेच उठवा, गाडीत झोपू देऊ नका.