कांदा माझा, जमीन माझी, मग परवानगी सरकारची का?

रानमळा (धागा सुरू करणारा)

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आमचा लाल कांदा काढणीला आला होता. उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत टिकतो, लाल टिकत नाही. काढला की मार्केटला न्यायचाच. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावून झालं होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्यही, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचंच नाही अशी अट, लावून झालं होतं. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही शुल्क कायम ठेवून. तोवर आमच्या ट्रॉल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज तसंच होतं.

मी कर्जमाफी मागत नाही, अनुदानही मागत नाही. १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात माझे वडील रस्त्यावर बसले होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी लहानपणापासून घरात ऐकली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं म्हणणं वडिलांना जसं कळलं, तसंच मलाही कळलं: सरकारने आमच्यासाठी काही करण्याआधी आमच्याविरुद्ध करणं थांबवावं. चोर-दरोडेखोर आवरावेत, करार मोडणाऱ्याला शिक्षा करावी, न्यायालयं नीट चालवावीत. माझा कांदा दुबईला जावा की दादरला, हे सरकारने ठरवू नये.

जमिनीचंही तेच आहे. दुकानदार आपलं दुकान कोणालाही विकतो. मी माझी जमीन फक्त शेतकऱ्यालाच विकू शकतो, कारण कूळकायद्याचं कलम ६३ आहे. कोरडवाहू जमीन ५४ एकरांपेक्षा जास्त बाळगता येत नाही, कारखान्याच्या भांडवलाला मात्र अशी मर्यादा नाही. कोर्टात जावं तर हे कायदे १९५१ पासून एकेक करून घटनेच्या नवव्या परिशिष्टात, म्हणजे कोर्टात आव्हान देता येऊ नये म्हणून केलेल्या यादीत, नेऊन ठेवलेत. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच काढला. आता उरलंय कलम ३००अ, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता घेता येणार नाही. पण कायदा करणारंही सरकारच ना?

लालबागकरीण

दादा, मी पोळीभाजी केंद्र चालवते. कांदा ऐंशी रुपयांवर गेला त्या महिन्यात माझा हिशोब जुळला नव्हता. डबा घेणारी पोरं सिक्युरिटीत, कुरियरमध्ये कामाला आहेत. त्यांना डब्यामागे दहा रुपये वाढवून सांगितले की ती एका वेळचा डबा बंद करतात. तुमचा तोटा खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण भाव चढला की सरकारने गप्प बसावं असं म्हणताना या पोरांकडेही बघा.

रानमळा

ताई, बघतोय. त्या पोरांना स्वस्त कांदा मिळावा असं सगळ्या देशाला वाटत असेल, तर त्याचा खर्च सगळ्या देशाने करावा. करातून त्यांच्या खात्यात पैसे टाका. बंदी घातली की तो खर्च एकट्या कांदेवाल्याच्या खिशातून जातो, आणि बजेटमध्ये त्याची एक ओळही दिसत नाही. दुसरं म्हणजे, दर दोन-तीन वर्षांनी बंदी येणार हे बाहेरच्या गिऱ्हाइकालाही कळतं. तो पाकिस्तानचा कांदा बांधून ठेवतो. सप्टेंबर २०२० आठवा. १४ तारखेला निर्यातबंदी आली आणि १५ तारखेला लोकसभेने साठ्यावर मर्यादा घालणारा जीवनावश्यक वस्तू कायदा सैल करणारं विधेयक मंजूर केलं. लगेच ऑक्टोबरमध्ये ठोक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन साठ्याची मर्यादा. अशा सरकारच्या शब्दावर कोण चाळ बांधेल, कोण शीतगृह काढेल?

कोरडवाहू

भाऊ, मी यवतमाळकडचा, कापूसवाला. निर्यातीबद्दल तुमच्या बाजूने आहे. पण 'सरकारने हात काढावा' हे वाक्य मला भ्याव दाखवते. ज्या वर्षी भाव पडतात, त्या वर्षी हमीभावाने घेणाऱ्या सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रापुढं गाड्यांची रांग असते. खासगीवाला तेव्हा हमीभावाच्या कितीतरी खाली मागतो. बिहारने २००६ मध्ये बाजार समितीचा कायदाच रद्द केला. तिथला धानवाला हमीभावाला विकू शकला काय? आपल्याकडं २०१६ मध्ये भाजीपाला, कांदा बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तरी तुम्ही लासलगाव-पिंपळगावलाच जाता ना? लिलावात बोली लावणारे तेच, ठरवून बोलणारेही तेच.

रानमळा

जातो, कारण पाच मैलांत दुसरा लिलाव नाही. ठरवून बोली लावतात हेही खरं आहे. पण एवढी वर्षं परवाना असलेल्यालाच खरेदी करू दिली, तो परवाना नव्या माणसाला सहजी दिला नाही, मग तेवढेच लोक एकमेकांना सांभाळून घेणारच. ते घट्ट जाळं कागदावरच्या एका अध्यादेशाने सुटत नाही, वर परत निर्यातबंदीची टांगती तलवार. हमीभावाबद्दल स्पष्ट बोलतो: मला तो नको. ज्या हाताने हमी मिळते त्याच हाताने बंदी येते, हे मी अनुभवलंय. तुमच्या कापसाला एकाधिकार खरेदीमुळे, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा या योजनेमुळे, १९७२ पासून किती वर्षं राज्याबाहेर जाता येत नव्हतं, ते आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक.

कोरडवाहू

ठाऊक आहे. चेकपोस्टवर बैलगाडी अडवत. पण म्हणून आता रांगेतला माणूस एकटा सोडून द्यावा, हे पटत नाही.

उसाचा फड

रानमळा, तुमच्याशी सहमत आहे, फक्त आमच्याही लोकांना हे सांगाल का? कोल्हापूर-सांगलीत भाषणात स्वातंत्र्य, आणि नोव्हेंबर आला की एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान भावासाठी, सरकारकडे.

रानमळा

सांगतो. पण दोन साखर कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर हवं हा नियमही सरकारचाच. दुसरं गिऱ्हाईक जवळ येऊ द्यायचं नाही आणि मग भाव ठरवून द्यायचा. अंतराची अट आणि एफआरपी दोन्ही एकदम काढा. नुसती एफआरपी काढली तर ऊसवाल्याचा गळा कापल्यासारखं होईल, त्याला मी पाठिंबा देणार नाही.

सातपुडा

तुमच्या कलम ६३ बद्दल. ते ज्या १९४८ च्या कायद्यात आहे, त्याच कायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. नवव्या परिशिष्टात पहिल्याच तुकडीत तो दुसऱ्या क्रमांकावर बसवला, कारण जमीनदार कोर्टात जाऊन जमीनसुधारणा अडवत होते. माझे आजोबा दुसऱ्याच्या बांधावर राबले आणि त्या कायद्याने चार एकरांचे मालक झाले. तेव्हाच्या जमीनमालकाच्या तोंडीही तुमचाच शब्द होता: मालमत्तेचा हक्क. आणि आमच्याकडे नंदुरबारच्या पट्ट्यात महसूल संहितेचं कलम ३६अ नसतं, परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही ही अट नसती, तर दारूच्या उधारीत आणि लग्नाच्या कर्जात जमिनी कधीच गेल्या असत्या.

घटना वाचणारी

एक भर. नववं परिशिष्ट आता पूर्ण बंद दार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालाप्रमाणे २४ एप्रिल १९७३ नंतर त्यात घातलेले कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतात. मात्र कूळकायदा त्यात १९५१ ला घातला आणि सीलिंगचा, म्हणजे कमाल जमीनधारणेचा, मूळ कायदा १९६४ ला, त्यामुळे रानमळा यांची तक्रार त्यांच्यापुरती खरी आहे.

रानमळा

सातपुडा, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. कुळांना जमीन मिळाली ते न्याय्यच होतं. कसणाऱ्याची जमीन आधी हिसकावली गेली होती, ती परत देणं हे मालमत्तेच्या हक्काविरुद्ध नाही, त्याच हक्काचं काम आहे. माझं भांडण पुढचं आहे. आजोबांना मालक केलं तर मालकासारखं वागू द्यायला हवं होतं. चार एकर विकून पोराला इंजिनिअर करायचं त्यांनी ठरवलं असतं, तर शहरातल्या पैसेवाल्याला विकायला बंदी, आणि गावातला शेतकरी अडलेला बघून भाव पाडून मागणार.

३६अ वर मात्र मी अडखळतो. कर्जाखाली दबून दिलेली संमती ही संमती नव्हे, हे मीच दुसरीकडे म्हणतो. उद्या ते कलम काढा असं मी म्हणणार नाही.

सातपुडा

तेवढं मान्य केलंत, बरं वाटलं. पण दबलेला माणूस फक्त आमच्याच पट्ट्यात नाही. सोसायटीचं कर्ज थकलेलं असताना तुम्ही लाल कांदा विकलात, ती तुमची संमती होती का? ज्या वर्षी बंदी नसेल त्या वर्षीही कर्ज असेलच. मग कोण कुठे अडलेला आहे, हे सरकारने बघायचं नाही तर कोणी?

रानमळा

कोर्टाने. तालुक्याच्या जागी, सहा महिन्यांत निकाल देणाऱ्या कोर्टाने. आज आमचा बांधाचा दावा अकरावं वर्ष चालू आहे, आणि कांद्याची बंदी मात्र एका रात्रीत निघते.