‘ब्योमकेश बक्शी’मधील अजितबाबूंवर जडलेला जीव

मंगळवार पेठकर
आमच्या कोल्हापुरातील मित्रमंडळात ‘ब्योमकेश बक्शी’ या गुप्तहेराच्या मालिकेचा विषय निघाला की सगळे ब्योमकेश झालेल्या रजित कपूर यांच्याबद्दल भरभरून बोलतात, आणि ते रास्तच आहे, माझा जीव मात्र १९९३ पासून के. के. रैना यांच्या अजितबाबूंवर, म्हणजे ब्योमकेशच्या मित्रावर, जडलेला आहे. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हाही माझी नजर त्यांच्यावरच होती. मुख्य नटाला सोडून शेजारच्या नटावर असा लोभ का जडत असावा?

रंकाळाकाठी
मालिका ज्यांवर बेतली आहे, त्या शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बहुतेक बंगाली कथा अजितच सांगतो, त्यामुळे ब्योमकेशने ताडलेले आपल्याला त्याच्याबरोबरच, म्हणजे उशिरा, कळते. पडद्यावर हे अवघड असते, कारण दुसरा बोलत असताना नटाला नुसते ऐकायचे असते. रैना यांच्या चेहऱ्यावर शंका उमटते, पण ती बोलून दाखवण्याची त्यांना घाई नसते. मालिकेचे दिग्दर्शक बासू चटर्जी यांच्याच ‘एक रुका हुआ फैसला’ या चित्रपटात (१९८६) ज्युरीतील बाकीचे अकरा जण एका बाजूला असताना आरोपीच्या दोषाविषयी शंका घेणारा एकटा सदस्य त्यांनी साकारला आहे. तेथे ते बोलून सगळ्यांना वळवतात, येथे ऐकून आपल्याला गोष्टीत ओढतात.

राजारामपुरीची वाचक
शेजारचा नट कोणाला म्हणायचे, हे घराघरावर अवलंबून आहे. मालिकेतील ब्योमकेशची पत्नी सत्यवती म्हणजे सुकन्या कुलकर्णी. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाल्यावर आमच्या आईसाठी त्या सुधा जोशी झाल्या, आणि ब्योमकेश हा ‘सुधाचा नवरा झालेला तो बंगाली’ उरला!

जुना कसबेकर
आपल्या गावात हा लोभ जुनाच आहे. माझे आजोबा जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांत मावळे होत असत, त्यामुळे आमच्या घरी नायकाकडे कोणी पाहतच नसे. तिसऱ्या रांगेतल्या भाल्यामागे आजोबा दिसतात का, एवढेच सगळे शोधत. शेवटची नामावली पुरती सरकेपर्यंत टीव्ही बंद करायचा नाही, ही शिस्त तेव्हापासून लागली.

मंगळवार पेठकर
सर्वांचे आभार. ‘एक रुका हुआ फैसला’ मंडळात कोणीच पाहिलेला नाही, असे आज विचारल्यावर कळले. रविवारी तोच लावतो.