वीरगळ, समाधी की थडगं?

विचारणा
आमच्या भावकीच्या बांधावर कमरेएवढा एक उभा दगड आहे. वरच्या चौकटीत पिंडीपुढे हात जोडून बसलेला पुरुष आणि शेजारी बाई, खाली ढाल-तलवारीची मारामारी. कडेला कोपरात वाकलेला एक हात, मनगटभर बांगड्या. घरचे 'पूर्वजांची समाधी' म्हणतात, चुलते 'थडगं' म्हणतात. कुळवृत्तान्तात त्याचं रेखाचित्र छापतोय. खाली काय लिहावं?

प्रतिसाद
वीरगळ. 'गळ' म्हणजे कानडीतला 'कल्लु', दगड. मासे धरायच्या गळाशी संबंध नाही. वाचायची खालून वर: तळाला लढाई नाहीतर पळवलेली गुरं आणि आडवा पडलेला वीर, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्याशी शिवपूजा, म्हणजे कैलासाला पोचला. त्याच्याही वर चंद्र-सूर्य दिसतात का बघा. असले तर अर्थ 'आचंद्रार्क', ते आहेत तोवर कीर्ती राहो. बोरिवलीजवळ एकसरला तर लढाईच्या पट्टीत गलबतं कोरलीत.

प्रतिसाद
बांगड्यांच्या हाताकडे दुर्लक्ष नको. ती सतीची खूण. बांगड्या न फुटलेल्या, म्हणजे सौभाग्य अखंड. नुसता हात असेल तर सतीशिळा. इथे वीर आणि सती एकाच दगडावर दिसतात. 'सतीयुक्त वीरगळ' असं लिहिलेलं वाचलंय. बरोबर आहे, पण सरकारी वाटतं.

प्रतिसाद
थडगं नकोच. थडगं म्हटलं की खाली पुरलेलं माणूस आलं, आणि वीरगळीखाली कुणी पुरलेलं असेलच असं नाही. समाधीचं प्रकरण मात्र सरळ नाही. संतांची समाधी, लिंगायत-गोसाव्यांत पुरतात तिथेही समाधीच म्हणतात, आणि दहन झालेल्या राजाच्या चौथऱ्यालाही तोच शब्द. रावेरखेडीला बाजीरावाची समाधी. पाबळला मस्तानीची काही जण 'कबर' म्हणतात, काही 'समाधी', जागा तीच. कबर आणि मकबराही एक नव्हे. खुलदाबादला औरंगजेबाची उघडी साधी कबर आहे, त्याच्या बेगमेसाठी मात्र आख्खा मकबरा. वर मंडपासारखं बांधकाम असलं की 'छत्री' म्हणतात. वानवडीला महादजी शिंद्यांना 1794 मध्ये अग्नी दिला तिथे शिंदे छत्री आहे. घरचे 'समाधी' म्हणतात ते जिव्हाळ्यानं. त्यांना दुरुस्त करत बसू नका, छापताना वेगळं लिहा.

प्रतिसाद
तो वीरगळ की ती वीरगळ? वर 'वाचायची' लिहिलंय म्हणून विचारलं.

प्रतिसाद
दोन्ही चालतं. आमच्याकडे 'ती', अनेकवचन 'वीरगळी'. पुस्तकांत 'हा वीरगळ'ही भरपूर. एका लेखात एकच लिंग ठेवा म्हणजे झालं. गधेगाळ, म्हणजे गाढव कोरलेला दगड, मात्र यात मिसळू नका. तिथला 'गाळ' शिवीचा. दान मोडणाऱ्याला दिलेला शाप आहे तो, स्मारक नाही.

प्रतिसाद
'टाक' कुणी काढलाच नाही. देव्हाऱ्यात चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेला घोडेस्वार असतो, तो बऱ्याच घरांत खंडोबा नसून घराण्यातला वीर असतो. नाशकात धुळवडीला हे वीर नाचवत गोदावरीवर नेतात. तुमच्या घरी असा टाक असेल तर दगडावरच्या माणसाशी त्याचा संबंध लागतोय का ते म्हाताऱ्यांना विचारा. नुसत्या शब्दापेक्षा कुळवृत्तान्ताला ते जास्त उपयोगी.

विचारणाऱ्याकडून
टाक आहे, घोड्यावरचाच! आजी त्याला 'वीरबाबा' म्हणते. चंद्र-सूर्य शेंदराखाली गेलेत, बोटांना लागतात, पण चित्रकाराला दिसत नाहीयेत. आता ओळ अशी करतो: 'घराण्यातील वीर व सती यांची वीरगळ, घरात पूर्वजांची समाधी म्हणून परिचित'.

प्रतिसाद
छान. 'घराण्यातील'च्या आधी 'परंपरेनुसार' घाला. दगडावर लेख नाही ना? मग नाव-गाव कोरलेलं नाही, ते तुमच्या तोंडी आलंय. आणि शेंदूर खरवडू नका, सकाळी तिरपं ऊन पडलं की फोटो काढून चित्रकाराला द्या.