ब्राइटनच्या एसईओ परिषदेला जावं का? (द्राक्ष निर्यातीची तीन भाषांतली वेबसाइट)

पिंपळगावकर

नमस्कार मंडळी. मी पिंपळगाव बसवंतला द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका कंपनीत वेबसाइट, कॅटलॉग आणि परदेशी ईमेल सांभाळते. आमचा बराचसा माल रॉटरडॅमला उतरतो आणि तिथून जर्मनीला जातो. म्हणून गेल्या वर्षी इंग्रजी साइटला डच आणि जर्मन जोडली. भाषांतर एजन्सीकडून करून घेतलं, चांगले पैसे मोजले. वर्ष झालं, जर्मन पानांवरून एक चौकशी नाही. गुगलचं सर्च कन्सोल (आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं साधन) उघडलं तर ती पानं गुगलच्या इंडेक्समध्येच, म्हणजे त्याच्या शोधाच्या यादीतच, नाहीत.

साहेब म्हणतात, ब्राइटनएसईओला (इंग्लंडमधल्या ब्राइटन शहरातली, वेबसाइट सर्चमध्ये वर कशी आणायची यावरची परिषद) जाऊन शिकून ये, खर्च कंपनीचा. पण साहेबांनी सांगितलेली एप्रिलच्या सुमारासची आहे आणि तेव्हा आमचे शेवटचे कंटेनर चालू असतात. शिवाय विमान, राहणं, व्हिसा धरून खर्च थोडाथोडका नाही. त्या मानाने पदरात काय पडतं? माझं इंग्रजी वाचायला पक्कं आहे, बोलताना अडखळते. कोणी जाऊन आलंय का?

ब्रिस्टलवासी

मी दोनदा जाऊन आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी घरचं बघा, त्यासाठी समुद्र ओलांडायला नको. जर्मन पानाचा सोर्स कोड उघडा आणि कॅनॉनिकल टॅग (मूळ पान कुठलं ते सांगणारी खूण) कुठल्या पत्त्याकडे जातोय ते पाहा. तो इंग्रजी पानाकडे जात असेल, तर 'हे पान त्याचीच नक्कल आहे' असं तुम्हीच गुगलला सांगताय. दुसरं, पाहुणा कुठल्या देशातला ते बघून आपोआप भाषा बदलणारं प्लगिन आहे का? गुगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो. त्याला प्रत्येक वेळी इंग्रजीकडे वळवलं, तर जर्मन पान तो बघणार कधी? तिसरं, एचरेफलँग, म्हणजे पानाच्या इतर भाषांतल्या आवृत्त्या कुठे आहेत ते सांगणारी खूण. जर्मन पानाने इंग्रजीकडे बोट दाखवलं तर इंग्रजीनेही जर्मनकडे दाखवायला हवं, एकतर्फी खूण धरली जात नाही. आणि इंग्लंडसाठी 'एन-जीबी' लिहा, 'एन-यूके' नाही. 'यूके' हा भाषांच्या कोडमध्ये युक्रेनियनचा कोड आहे. हे सगळं गुगलच्या मदतपानांवर फुकट वाचायला मिळतं.

मग परिषदेला कशासाठी जायचं? माणसांसाठी.

आमची कंपनी मोबाइलची कव्हरं विकते. जर्मन भाषांतर शुद्ध होतं, व्याकरणाची एक चूक नाही, तरी विक्री नव्हती. ब्राइटन सेंटर अगदी समुद्रासमोर आहे (किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत, बूट घालून जा). आत एकाच वेळी अनेक दालनांत भाषणं चालतात, एकेक साधारण 20 मिनिटांचं. त्यातलं किती लक्षात राहिलं कोण जाणे. पण जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये एका जर्मन बाईंना मी आमच्या पानाची छापील प्रत दाखवली. त्यांनी पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं. आमच्या भाषांतरकाराने 'मोबिलटेलिफोन' लिहिलं होतं. जर्मन माणूस रोजच्या बोलण्यात मोबाइलला 'हँडी' म्हणतो आणि शोधतोही 'हँडीह्युले', म्हणजे कव्हर. परत येऊन आधी शीर्षकं बदलली आणि पानं सर्चमध्ये वर सरकली. दहा मिनिटांच्या त्या बोलण्याने माझं अख्खं तिकीट वसूल झालं.

म्हणून तुमची दोन-तीन पानं छापून न्या. इंग्रजी अडखळतं याची काळजी नको, तिथे बऱ्याच लोकांची मातृभाषा वेगळीच असते. नेव्हर किंवा बायडू या सर्च इंजिनांवरची भाषणं खुशाल सोडा, तुमचं गिऱ्हाईक कोरिया-चीनमध्ये नाही. फिनिशसारख्या प्रत्ययांच्या भाषेवर कोणी बोलणार असेल तर मात्र बसा. फिनिशमध्ये 15 विभक्ती आहेत, एकेका नामाची किती रूपं होतात ते ऐकताना मला सारखं आपलं 'द्राक्ष, द्राक्षं, द्राक्षांचा भाव' आठवत होतं. पुढे कधी मराठी पानं कराल तेव्हा उपयोगी पडेल.

आणि ताई, एक सांगा, तुमच्या जर्मन पानावर द्राक्षांना कुठला शब्द आहे?

मास_नदीकाठी

ब्रिस्टलवासी यांच्याशी सहमत, पण ब्राइटनच का? मी रॉटरडॅमला राहतो. इंग्लंडच्या व्हिसावर तुम्हाला इकडे येता येणार नाही. बार्सिलोनात इंटरनॅशनल सर्च समिट भरते, ती बहुभाषिक सर्चलाच वाहिलेली आहे आणि आतापर्यंत बहुतेकदा नोव्हेंबरमध्ये झाली आहे (यंदाची तारीख बघून घ्या). तेव्हा तुमची छाटणी आटोपलेली आणि कंटेनर सुरू व्हायचे असतात. शेंगेन व्हिसा एकच, त्यात स्पेनही होतं आणि तुमचे इथले खरेदीदारही भेटतात. मुक्काम जास्त दिवस जिथे असेल त्या देशाकडे अर्ज करायचा.

डच पानांबद्दल एक: बेल्जियममध्येही माल जात असेल, तर तिथल्या निम्म्याहून जास्त लोकांची भाषा डचच आहे. 'एनएल-बीई' हा कोड विसरू नका.

पिंपळगावकर

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री साडेअकरापर्यंत बसले होते. कॅनॉनिकल खरंच सगळ्या जर्मन पानांवर इंग्रजीकडे होता. पानं भाषांतर करताना साचा तसाच उचलला गेला होता. बदललाय.

ताई, शब्दाचं विचारलंत म्हणून पाहिलं. आमच्याकडे 'टिशट्राउबेन' आहे. 'टेबल ग्रेप्स'चं शब्दाला शब्द, टिश म्हणजे जेवायचं टेबल. आमच्या जर्मन खरेदीदाराला व्हॉट्सॲपवर विचारलं. त्यांनी लिहिलं, व्यापारात 'टाफेलट्राउबेन' म्हणतात, घरी लोक 'वाइनट्राउबेन' म्हणतात, तुमचा शब्द कळतो पण आमच्याकडे कोणी वापरत नाही. वर्षभर आम्ही ज्या शब्दाने दार उघडं ठेवलं होतं, त्या नावाने कोणी हाकच मारत नव्हतं. फार वाईट वाटलं. साहेब तर दर फेब्रुवारीला बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिकाला जातात, तिथे टाफेलट्राउबेनच्या पाट्या नक्की लागलेल्या असणार. माझ्याकडून कोणाला विचारायचंच राहिलं.

आज साहेबांना बार्सिलोना आणि रॉटरडॅमचं सांगितलं, ते लगेच हो म्हणाले. पासपोर्ट नूतनीकरणाला टाकतेय. डच पानांतला प्रत्येक मुख्य शब्द आता जाण्याआधीच खरेदीदारांना विचारून घेणार आहे.

ब्रिस्टलताई, तुम्ही बार्सिलोनाला येणार आहात का? येत असाल तर आमच्या बागेतले बेदाणे घेऊन येते.